शॉक ट्रीटमेंटचा सल्ला मिळाल्यावर रुग्णाशी आणि घरच्यांशी कसे बोलावे

माझ्या मोठ्या बहिणीला डॉक्टरांनी ईसीटीचा, म्हणजे डोक्याला विजेचा प्रवाह देऊन मेंदूत झटका आणण्याच्या उपचाराचा, सल्ला दिला, तेव्हा ती अकरा दिवस जवळजवळ काहीच बोलली नव्हती. हातात दिलेला चहाचा कप ती गार होईपर्यंत तसाच धरून बसे आणि घास भरवला तर तो न गिळता गालात ठेवून देई. तीव्र नैराश्यातून आलेली ही जखडलेली अवस्था, जिला डॉक्टर कॅटाटोनिया म्हणतात, इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी पुरेशी सुटली नाही, म्हणून ईसीटीचा विषय निघाला. त्या संध्याकाळी आमच्या विक्रोळीच्या घरात जे बोलणे झाले, त्यात उपचाराविषयी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. आई म्हणाली, "करंट देणार? माझ्या पोरीला?" भावोजींनी विचारले की हे ताईच्या ऑफिसात कळेल का. अप्पा उठून गॅलरीत गेले. ताई तिथेच खुर्चीवर बसलेली होती आणि तिला कोणी काही विचारले नाही. पुढे बरी झाल्यावर तिने सांगितले की ते सगळे बोलणे तिला ऐकू येत होते.

मुंबईत आज कुणाच्या तरी घरात अशीच संध्याकाळ चालू असेल, त्या घरासाठी हे लिहीत आहे. ताईच्या आठ ईसीटींच्या काळात एक गोष्ट माझ्या पुरती लक्षात आली. घरच्यांना या उपचारातून परत आलेले आपले माणूस दिसते आणि रुग्णाला त्याच उपचारात हरवलेले दिवस जाणवतात. दोघेही खरे बोलत असतात. या दोन्ही बाजूंना घरात जागा कशी द्यायची, याची तयारी पहिल्या ईसीटीच्या आधी करता येते आणि ती आधीच करावी लागते.

भीती कुठून आली ते आधी ऐकून घ्यावे

घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीने "शॉक" हा शब्द ऐकून नकार दिला, तर लगेच समजूत घालायला बसू नये. त्यांनी काय पाहिले आहे किंवा ऐकले आहे, ते विचारावे. अप्पांच्या नकारामागे त्यांचे मामा होते. अप्पा कॉलेजात असताना त्यांनी मामांना शॉक देताना पाहिले होते आणि त्या वेळी चार माणसांनी मामांचे हातपाय दाबून धरले होते. ही आठवण खोटी नव्हती. उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी १९३८ साली रोममध्ये हा उपचार पहिल्यांदा माणसावर केला, तेव्हा भूल देण्याची पद्धत नव्हती. झटक्याच्या जोराने पाठीचे मणके मोडल्याची उदाहरणे त्या काळात होती. स्नायू सैल करणारे औषध आणि भूल यांची जोड नंतर मिळाली आणि भारतात तर विनाभूल ईसीटी त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९५ ने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता ईसीटी देण्यास मनाई केली. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने जखडून ठेवण्याची मनाईही त्याच कलमात आहे, यावरून कायदा करणाऱ्यांनी विनाभूल ईसीटीकडे कोणत्या नजरेने पाहिले ते कळते. "तुम्ही पाहिले ते खरे होते आणि तसे करणे आता बेकायदा आहे," एवढे वाक्य मी अप्पांना सांगितले, आणि त्यानंतरच ते डॉक्टरांना भेटायला तयार झाले.

दुसरी भीती बदनामीची असते. मुंबईत "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे, कारण १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, आणि त्यामुळे ईसीटी म्हणजे मोठ्या भिंतीआडचा, कायमचा काहीतरी प्रकार, असे मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही ईसीटी दिली जाते. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर सकाळी येऊन दुपारी घरी जाण्याच्या बोलीवरही ती देता येते. हे घरच्यांना आधी कळले, तर "पाठवणे" हा शब्द बोलण्यातून आपोआप गळतो.

तिसरी भीती रुग्णाची स्वतःची असते आणि तिच्याकडे सर्वात कमी लक्ष जाते. हा उपचार म्हणजे आपल्याला दिलेली शिक्षा आहे, असे अनेक रुग्णांना वाटते, विशेषतः नैराश्यात अपराधीपणाची भावना तीव्र असताना. म्हणून "तू नीट जेवली नाहीस तर शॉक द्यावा लागेल" हे वाक्य घरात कोणीही, कितीही काकुळतीला येऊन, उच्चारू नये. आईच्या तोंडून ते एकदा निघाले होते. ताईला नंतरच्या काळातले पुष्कळ काही आठवत नाही, पण ते वाक्य आठवते.

डॉक्टरांना भेटताना

प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, कारण ओपीडीच्या गर्दीत आपला नंबर लागेपर्यंत निम्मे विसरले जातात. ईसीटी याच रुग्णाला आणि आताच का सुचवली, हा पहिला प्रश्न. जीव देण्याचे विचार प्रबळ असणे, अन्नपाणी सुटणे, कॅटाटोनिया, भ्रमासह आलेले तीव्र नैराश्य, औषधांना न जुमानणारा उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया, ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. यांतील काही अवस्थांत औषधांचा परिणाम दिसायला लागणारे तीन-चार आठवडे रुग्णाकडे नसतात. "सगळे संपले, आता शेवटचा उपाय" अशी ईसीटीची ओळख घरात करून दिली जाते. ताईच्या बाबतीत ती वेग हवा म्हणून निवडली होती, आणि हे कारण समजल्यावर आईचा धीर बराच परतला.

त्यानंतर विजेचा प्रवाह डोक्याच्या दोन्ही बाजूंनी देणार की एकाच बाजूने, हे विचारावे. दोन्ही बाजूंच्या ईसीटीचा गुण बहुधा लवकर येतो, परंतु विस्मरण अधिक होते. एका बाजूच्या ईसीटीत, सहसा उजव्या, विस्मरण कमी असते. रुग्ण शिक्षक असेल, हिशेबाचे काम करत असेल किंवा परीक्षेच्या तोंडावर असेल, तर हे डॉक्टरांना ठळकपणे सांगावे. निर्णय त्यांचा असला तरी रुग्णाचे काम काय आहे, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अशा सहा ते बारा ईसीटींचा कोर्स असतो. नेमक्या किती लागतील ते प्रगती पाहून ठरते, म्हणून "किती वेळा" या प्रश्नाला आकड्याने उत्तर मिळाले नाही तर संशय घेऊ नये.

धोक्याविषयी स्पष्ट विचारावे आणि स्पष्ट उत्तर मागावे. मृत्यूचा धोका एक लाख ईसीटींमागे साधारण दोन इतका आहे. हृदयविकार, अलीकडे झालेला पक्षाघात, मेंदूतील गाठ, पूर्वी भूल देताना झालेला त्रास, हे सर्व आधी सांगितलेच पाहिजे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात, कारण झोपेच्या आणि फिटच्या काही गोळ्यांमुळे झटका कमी प्रमाणात उमटतो आणि डॉक्टरांना त्यांचा डोस बदलावा लागतो. आपल्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. हा उपचार मेंदूवर नेमका कसा काम करतो, हे शास्त्राला अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. हे डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितले तर त्यांच्यावरचा विश्वास कमी होऊ देऊ नये. करंटने मेंदू जळतो, ही समजूत मात्र खोटी आहे.

सहीच्या आधी

आमच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली गेली ती रुग्णालयाच्या जिन्याजवळ, इंग्रजी छापील कागदावर, दोन मिनिटांत. अप्पांनी चष्मा न लावताच सही केली. मला याचे आजही वाईट वाटते, कारण मी शेजारी उभी होते आणि थांबवू शकले असते. कायद्याने रुग्णाला आणि त्याच्या प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. "आम्हाला हे मराठीत समजावून सांगा, आम्ही अर्ध्या तासात सही करतो," असे नम्रपणे म्हणायला काहीच हरकत नाही.

संमती मुळात रुग्णाची असते. माहिती समजून घेणे, निर्णयाचा परिणाम ओळखणे आणि तो बोलून, खुणेने किंवा अन्य रीतीने कळवणे, यावर निर्णयक्षमता ठरते. मानसिक आजार आहे एवढ्यावरून ती नाही असे धरता येत नाही. त्या वेळी ती नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ देणाऱ्या व्यक्तीचा, आधार घेतला जातो, पण क्षमता परत येताच रुग्णाला पुन्हा विचारणे आवश्यक ठरते. ताईला तिसऱ्या ईसीटीनंतर बोलता येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी तिला स्वतः सर्व समजावले आणि चौथ्या वेळेपासून तिची सही घेतली. अठरा वर्षांखालील मुलांना ईसीटी देता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना ती आवश्यकच वाटली, तर पालकांची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात. तातडीचे उपचार म्हणून, संमतीच्या प्रक्रियेला बगल देऊन, ईसीटी देण्यासही कायद्यात मनाई आहे.

सही झाली म्हणजे मनापासून होकार मिळाला, असे समजू नये. ब्रिटनमधील संशोधकांनी २००५ साली रुग्णांच्या अनुभवांचा एकत्रित अभ्यास मांडला. त्यात पुरेशी माहिती मिळाली असे म्हणणारे रुग्ण साधारण निम्मेच होते आणि संमतीपत्रावर सही केलेल्यांपैकीही साधारण एक तृतीयांश रुग्णांना आपण मोकळेपणाने होकार दिला असे वाटले नव्हते. आपल्या घरांत हा दबाव बहुतेक वेळा प्रेमाचा असतो: आईचे डोळे पाणावलेले, नवरा रजा संपत आल्याने कासावीस, आणि समोर पेन. म्हणून सहीच्या आधी रुग्णाला घरच्यांशिवाय डॉक्टरांशी दहा मिनिटे बोलू द्यावे. "नको" म्हणाली तर काय होईल, दुसरा कोणता उपचार उरतो, हे तिने स्वतः विचारावे. नकार आला तरी त्यावर रुसवे-फुगवे करू नयेत. आणि होकार दिल्यावरही कोर्स मध्येच थांबवण्याचा अधिकार तिला आहे, हे तिला मोठ्याने सांगावे.

ईसीटीच्या सकाळी

रात्रीपासून उपाशी राहावे लागते. घन आहार किमान सहा तास आधी बंद आणि पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतात. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचे की नाही, हे आदल्या दिवशी लिहून घ्यावे. आपल्याकडे आजारी माणसाच्या डोक्याला तेल लावण्याची माया असते, पण ईसीटीच्या आदल्या रात्री केस धुऊन कोरडे ठेवावेत, कारण तेलामुळे यंत्राचे इलेक्ट्रोड त्वचेला नीट चिकटत नाहीत. कवळी, चष्मा, नखांचे रंग काढावे लागतात. दागिनेही काढावे लागतात, त्यात मंगळसूत्र आले. पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर हे ऐनवेळी कळले, तेव्हा ताई आणि आई दोघींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरू शकत नाही. दुसऱ्या वेळेपासून भावोजींनी ते घरीच देवघरातल्या डबीत ठेवायला सुरुवात केली आणि ताईच्या गळ्यात परत घालायचे काम भाचीने स्वतःकडे घेतले.

आत काय होते, ते रुग्णाला आणि बाहेर थांबणाऱ्यांना दोघांनाही माहीत असावे. हाताच्या शिरेतून भुलीचे औषध दिले जाते, रुग्ण झोपतो, मग स्नायू सैल करणारे औषध देतात आणि दातांमध्ये रबराचा तुकडा ठेवतात. विजेचा प्रवाह काही सेकंदच असतो. त्यामुळे मेंदूत उमटणारा झटका सहसा एका मिनिटाच्या आतबाहेर संपतो आणि शरीर जवळजवळ हलत नाही, कधी पायाची बोटे थरथरतात इतकेच. प्राणवायू, नाडी, रक्तदाब यांच्यावर पूर्ण वेळ लक्ष असते. पाच-दहा मिनिटांत सगळे होते आणि अर्ध्या तासाच्या आसपास रुग्ण जागा होतो. जागे झाल्यावर डोके दुखणे, जबडा अवघडणे, मळमळ आणि थोडा गोंधळ हे नेहमीचे आहे. त्या क्षणी "मला ओळखलंस का?" अशी परीक्षा घेऊ नये. "मी माधवी, आज बुधवार आहे, आपण हॉस्पिटलमध्ये आहोत, तुझं झालंय आणि आता चहा घेऊ," इतके शांतपणे सांगावे. गरज पडली तर दहा वेळा सांगावे.

परत जाताना लोकलची गर्दी टाळावी. मी एकदा टॅक्सीचे पैसे वाचवले आणि कुर्ल्याच्या पुलावर ताईचा हात माझ्या हातातून सुटला. पाच मिनिटांत ती सापडली, पण ती पाच मिनिटे कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. त्या दिवशी सोबत प्रौढ व्यक्ती असावी. कोर्स संपेपर्यंत गाडी चालवणे, बँकेचे मोठे व्यवहार, घराचे किंवा वाटणीचे कागद, हे सगळे बाजूला ठेवावे.

विस्मरणाची तयारी

या उपचारात रुग्ण आणि घरचे यांच्यातले अंतर सर्वात जास्त इथेच पडते, म्हणून याकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे असे माझे मत आहे. कोर्सच्या काळात नवे लक्षात ठेवणे अवघड जाते, ते बहुतेकांना काही आठवड्यांत पूर्ववत होते. कोर्सच्या आसपासच्या काळातल्या, आणि कधी त्याच्या आधीच्या महिन्यांतल्या आठवणी मात्र पुसट होऊ शकतात आणि त्यांतील काही परत येत नाहीत. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात किमान एक तृतीयांश रुग्णांनी टिकून राहणाऱ्या विस्मरणाची तक्रार केल्याचे नोंदवले आहे. त्याच आढाव्यात असेही दिसले की डॉक्टरांनी रुग्णालयात विचारले तेव्हा रुग्णांचे समाधान अधिक दिसत होते आणि रुग्णांनी रुग्णांना विचारले तेव्हा कमी. घरातही हेच घडते. "आता किती छान वाटतेय ना?" असे विचारले की रुग्ण मान डोलावतो.

ताईला तिच्या मुलीच्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवत नाही. फोटो आहेत, पेढ्यांचा बॉक्स हातात धरून ती हसते आहे, पण तो दिवस तिच्याकडे नाही. आम्ही सुरुवातीला म्हणायचो, "अगं, जीव वाचला हे काय कमी आहे?" एकदा ती शांतपणे म्हणाली, "कमी नाही गं. पण तो दिवस माझा होता, तो गेला असं मी म्हणाले तर मला म्हणू दे." त्यानंतर आम्ही ते वाक्य बंद केले.

पहिल्या ईसीटीआधी शक्य असेल तर रुग्णाबरोबर, नाहीतर रुग्णासाठी, एक वही करावी. गेल्या वर्षभरातल्या ठळक घटना तारखांसह लिहाव्यात: कोणाचे लग्न झाले, कोण गेले, कोणाला पैसे दिले, कोणते काम अर्धे राहिले. फोनचा पासवर्ड, एटीएमचा आणि यूपीआयचा पिन विसरला जाऊ शकतो, म्हणून रुग्णाने ते विश्वासातल्या एकाच माणसाकडे बंद पाकिटात द्यावेत. कोर्स चालू असताना रोज तीन-चार ओळी कोणीतरी लिहाव्यात, म्हणजे पुढे "मी त्या महिन्यात कशी होते?" या प्रश्नाला पाच जणांची पाच उत्तरे मिळणार नाहीत. मृत्यूची बातमी असेल तर ती वहीतून कळू देऊ नये, बसून सांगावी. आमच्या आत्याच्या निधनाची बातमी ताईला दोनदा सांगावी लागली आणि दोन्ही वेळा ती तितकीच रडली.

विस्मरणाची तक्रार प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या कानावर घालावी. ते ईसीटींमधले अंतर वाढवू शकतात, दोन्ही बाजूंऐवजी एका बाजूने देऊ शकतात किंवा विजेची मात्रा बदलू शकतात. नैराश्यानेही स्मरणशक्ती मंदावते, त्यामुळे काय आजाराचे आणि काय उपचाराचे हे त्यांनाच पाहू द्यावे. "हे सगळं तुझ्या मनाचं आहे" असे मात्र घरातून कोणी म्हणू नये.

बाहेरच्यांना काय सांगावे

हे रुग्णाने ठरवावे. शेजारी, सोसायटीतले लोक, दूरचे नातेवाईक यांना "अ‍ॅडमिट आहे, उपचार चालू आहेत" एवढे पुरते. ऑफिसला रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यावर उपचाराचा प्रकार लिहिण्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे कायद्याने बंधनकारक आहे. दावा नाकारला गेला तर नकार लेखी मागावा.

कोर्स संपल्यावर

ईसीटीने उभा राहिलेला रुग्ण औषधांशिवाय टिकणे कठीण असते. पुढची औषधे चालू ठेवूनही साधारण निम्म्या रुग्णांना वर्षभरात आजार पुन्हा डोके वर काढतो. हे ऐकून घरचे खचतात, पण आधी माहीत असेल तर पहिल्या खुणा लवकर ओळखता येतात. ताईच्या बाबतीत ती खूण म्हणजे सकाळी केस न विंचरणे. काही रुग्णांना पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने एक अशी ईसीटी पुढेही दिली जाते. अचानक जीव देण्याचे विचार आले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. पण जीव धोक्यात असेल तर फोनवर न थांबता थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे.

रुग्ण बरा असताना, शांत दुपारी, त्याच्याकडून आगाऊ निर्देश लिहून घ्यावा. पुन्हा आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपला प्रतिनिधी कोण, हे कोणत्याही प्रौढ व्यक्तीला कायद्याने आधीच लिहून ठेवता येते. ताईने तिचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला. अन्नपाणी सुटले तर ईसीटी द्यावी, आधी एका बाजूने देऊन पाहावी, प्रतिनिधी म्हणून नवऱ्याऐवजी धाकटी बहीण असावी, आणि आपण बोलत नसलो तरी प्रत्येक वेळी आत नेण्याआधी काय होणार आहे ते आपल्याला सांगावे, असे त्यात आहे. एक प्रत तिच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये आहे, एक भावोजींकडे आणि एक माझ्या पर्समध्ये, रेल्वेच्या पासमागे.